भरावाला पाणी

ट्रॅक्टर वाट अडवायला टाकलेल्या बाभळीच्या काट्यांपाशी येऊन थांबला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. मी भरावावर गोणपाटं अंथरून त्यांच्यावर पाणी मारून घेत होतो. मला वाटलं, नेहमीसारखा कुणी उसाचा ट्रॅक्टरवाला वाट सोडा म्हणून हुज्जत घालायला आला असेल. आठ दिवस तेच चाललं होतं. मी लांबूनच हातानं 'मागं फिरव' अशी खूण केली. ड्रायव्हर जागचा हलला नाही. ट्रॉलीतून एक म्हातारी उतरली आणि काट्यांना वळसा न घालता सरळ त्यांच्यातूनच आली. घेरदार घागऱ्याला बाभळीची एक फांदी अडकली होती, ती ओढतच ती माझ्यापर्यंत पोचली.

"साहेब, सून आडलीय," ती म्हणाली. "सकाळपासनं. आता रगत जायलंय. वाट सोडा."

तिचं नाव चांदीबाई. कालव्याच्या खालच्या अंगाला पस्तीस घरांचा लमाणांचा तांडा होता, तिथली. मी तिला येता-जाता बघितलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागून दीड वर्ष झालं होतं आणि स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं ते माझं पहिलं काम होतं. त्रेचाळिसाव्या किलोमीटरला आमचा कालवा जमिनीच्या वरून जातो. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध घातलेले, त्यांनाच आम्ही भराव म्हणतो, आणि त्यांच्या मधून पाणी. खाली उभं राहिलं की कालव्याचं पाणी आपल्या डोक्याच्या वर असतं. तांड्याकडचा भराव तिथं दर वर्षी पाझरायचा. त्या वर्षी खात्यानं ठरवलं, की बारा मीटर लांबीचा तो तुकडा पार खोदून काढायचा आणि नव्यानं भरायचा. आमच्याकडची माती काळी. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तिच्यात सिमेंट मिसळून एकेक वीतभर थर दाबत वर न्यायचा, असं ठरलं. किती सिमेंट, किती पाणी, याचे प्रयोग मी महिनाभर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत स्वतः केले होते.

त्या प्रयोगांत एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली होती. सिमेंट मिसळलेली माती ओली आहे तोवर ती कशीही दाबा, मोडा, परत दाबा, काही बिघडत नाही. पण ती एकदा आतून धरायला लागली की तिला हात लावायचा नाही. दोन तासांनी मोडून परत दाबलेला नमुना ताकदीला थोडा कमी भरायचा. एक दिवसानं मोडून परत दाबलेला नमुना दिसायला अगदी पहिल्यासारखा व्हायचा, तितकाच गुळगुळीत, आणि सातव्या दिवशी यंत्रात ठेवला की तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाखालीच दबून फुटायचा. धरलेलं एकदा तुटलं की ते पुन्हा तसं धरत नाही. म्हणून सात दिवस भरावावर चाक येऊ द्यायचं नाही, एवढा एकच नियम मी घातला होता. शेवटचा थर आदल्या दिवशी सकाळी संपला होता. म्हणजे तीस तास झाले होते.

आणि त्या भरावावरूनच तांड्याची वाट होती. दुसरी वाट ओढ्याच्या अंगानं, अकरा किलोमीटरची, दगडधोंड्यांतून.

मी चांदीबाईला म्हणालो, सुनेला बाजेवर घालून माणसांनी पलीकडं नेऊ, पायी गेल्यानं काही होत नाही. पण पलीकडं वाहन नव्हतं. कामाची जीप घेऊन गुत्तेदार, म्हणजे आमचा कंत्राटदार, तालुक्याला गेला होता, तो दिवेलागणीला येणार. तांड्यावर माणसंही नव्हती. धडधाकट सगळे ऊसतोडीला गेलेले, तिचा मुलगाही. मागं राहिली होती म्हातारी माणसं, लेकरं आणि दिवस भरलेली ही एक सून. हा रिकामी ट्रॉली घेऊन चाललेला ट्रॅक्टर चांदीबाईनं रस्त्यात आडवं होऊन थांबवला होता.

मी ट्रॉलीपाशी जाऊन आत पाहिलं. गोधडीवर एक वीस-बावीस वर्षांची मुलगी कुशीवर पडलेली होती. चेहरा पिवळा पडला होता. गोधडीचं एक टोक काळपट ओलं झालं होतं. ती कण्हत नव्हती, हे मला जास्त वाईट वाटलं.

आमचे चौकीदार मैनोद्दीनचाचा माझ्याकडं बघत उभे होते. मी फांदीला हात घातला, मग त्यांनीही घातला. दोघांनी मिळून काट्या ओढून बाजूला केल्या.

ट्रॅक्टर अगदी हळू गेला. ड्रायव्हर शहाणा होता. चाकांचे दोन बोटं खोल ठसे उमटले. मी मनाशी हिशेब केला, रिकामी ट्रॉली आहे, एकदाच गेली आहे, एवढं निभावेल. काट्या परत लावायच्या आणि उद्या ठसे तपासायचे. पण पलीकडं पोचल्यावर चांदीबाईनं माझं मनगट धरलं. ती म्हणाली, दवाखान्यात कागद असतात, मला वाचता येत नाही, ते काय विचारतील ते मला कळायचं नाही. तिनं 'चला' असं म्हटलं नाही. नुसतं मनगट सोडलं नाही.

मैनोद्दीनचाचांना काट्या लावून घ्यायला सांगून मी ट्रॉलीत चढलो.

तालुक्याच्या दवाखान्यातून आम्हाला जिल्ह्याला पाठवलं. तिथं खरोखरच कागद होते. सही करणाऱ्याचं रुग्णाशी नातं काय, या रकान्यात मी 'ओळखीचा' असं लिहिलं. पहाटे मुलगी झाली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. चांदीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी परत जायची घाई का करतोय, असं तिनं विचारलं, तेव्हा मी तिला भरावाचं सांगितलं. धरायला लागलेलं मोडलं तर काय होतं, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमच्या गाडीनं मोडलं का?"

"तेवढ्यानं नाही," मी म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं.

भरावावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. काट्या जागेवर होत्या. भराव स्वच्छ, सपाट, ओलसर. ट्रॅक्टरचे ठसेसुद्धा दिसत नव्हते. गुत्तेदार रोलरजवळ उभा होता. म्हणाला, "बघा साहेब, आरसा केलाय." मला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच कळेना, की ठशांसाठी रोलर कशाला लागला.

गुत्तेदार गेल्यावर मैनोद्दीनचाचा जवळ आले. खाली बघत त्यांनी सांगितलं, की आम्ही गेल्यावर ते काट्या ओढत होते तेवढ्यात उसाच्या भरल्या गाड्या आल्या. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. आठ दिवस अकरा किलोमीटरचा फेरा घालून वैतागलेली माणसं ती. वाट उघडी दिसली. साहेबांनीच उघडलीय, आमच्याच वेळेला काटे का, असं म्हणून त्यांनी चाचांना बाजूला केलं. सहा गाड्या गेल्या. शेवटची रुतली, तिला मागंपुढं करून काढली. सकाळी गुत्तेदारानं चाकांनी पाडलेल्या चऱ्या बघितल्या, त्यांच्यात ओली माती भरली, पाणी शिंपडलं आणि रोलर फिरवला.

"मी एकटा होतो, साहेब," चाचा म्हणाले.

मी तिथं असतो तर गाड्या थांबल्या असत्या. कदाचित.

मी कुदळीनं एका जागी उकरून पाहिलं. वरचा थर खपल्या निघाव्यात तसा निघाला. खाली भेगा होत्या. एक थर, दुसरा थर, तिसरा थर. वरून तीन थर, म्हणजे साधारण दीड हात उंची. त्याखालचे थर आठवडाभर आधीचे होते, ते दगडासारखे लागले. मी तिथंच बसून राहिलो. मला गणित करायची गरज नव्हती. पाणी खालच्या थरांपर्यंत राहिलं तर भराव टिकेल. वरच्या दीड हात उंचीत आलं तर ते भेगांतून वाट काढेल.

पाणी पंधरा तारखेला यायचं होतं. त्या दिवशी दहा तारीख होती.

आमचे उपअभियंता कुलथे साहेब वाईट माणूस नव्हते. मी काहीही न लपवता त्यांना सांगितलं. काट्या मी काढल्या, हेही सांगितलं. वरचे तीन थर काढून परत भरू द्या, पाणी दहा दिवस पुढं ढकला, एवढंच मागितलं. ते बराच वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत राहिले. पाण्याची पाळी कालवा समितीत ठरली होती. धरणाचं दार तेराला उघडणार होतं. खाली चार हजार हेक्टर गहू आणि हरभरा पहिल्या पाण्याची वाट बघत होता.

"मला एक आकडा दे, मठपती," ते म्हणाले. "त्या तीन थरांचा आकडा. तो घेऊन मी वर भांडायला जातो."

तो आकडा आणायला मी दोन दिवस घालवले. त्या थरांतून नमुना कापून काढायचा मी आठ ठिकाणी प्रयत्न केला. हलक्या हातानं चारी बाजूंनी मोकळा करायचो, उचलायला गेलो की तो हातात भुगा व्हायचा. अख्खा नमुना असल्याशिवाय यंत्रात ठेवता येत नाही. आणि भराव भरताना मी स्वतः घेतलेले, ओल्या वाळूत जपून ठेवलेले नमुने होते, त्यांच्यावरून एकही गाडी गेली नव्हती. ते यंत्रात ठेवले तर ठरल्यापेक्षा जास्त वजन झेललं त्यांनी. नोंदवहीत मी लिहिलं ते खरंच होतं. चांगल्या नमुन्यांपुढं चांगले आकडे. मोडलेल्या थरांपुढं 'नमुना मिळाला नाही.'

कुलथे साहेबांनी वही दोनदा वाचली. "यात कुठं लिहिलंय भराव कच्चा आहे म्हणून?"

"नमुना निघत नाही हाच पुरावा आहे, सर."

"ते तुला समजतं, मला समजतं," ते म्हणाले. "वरती काय वाचतील? जेवढे नमुने तपासले तेवढे पास." मग वही मिटून म्हणाले, "तुझ्या बाजूला पाणी कमी पातळीवर ठेवायला सांगतो. तेवढंच माझ्या हातात आहे."

मी कालव्याच्या आतल्या बाजूला, चांगल्या थरांच्या उंचीवर लाल रंगाची एक रेघ मारली. याच्या वर पाणी नको.

त्या संध्याकाळी भरावावर चांदीबाई दिसली. सुनेजवळ तिची आई येऊन राहिली होती, म्हणून ही शेळ्यांसाठी परत आली होती. तिच्या डोक्यावर हंडा होता. तांड्याच्या हापशावरून भरून तो तिनं भरावाच्या चढावरून वर आणला होता आणि ओंजळीनं ती मातीवर पाणी शिंपडत होती. अगदी कडेपासून, एकही जागा न सोडता. सहा गाड्यांचं तिला चाचांकडून कळलं होतं. घर बांधताना भिंतीला पाणी मारतात, ते तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधकामावर केलं होतं.

मी जवळ गेलो तेव्हा ती थांबली.

"साहेब, पाणी मारलं तर धरंल का हे?"

त्याचं उत्तर 'नाही' असं होतं. न मोडलेल्या मातीला पाणी लागतं, ते बळ देतं. मोडलेलीला नदी आणून ओतली तरी काही होत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तीन दिवस मी ज्याला त्याला 'नाही' म्हणून सांगत होतो आणि त्याचा कुणालाच उपयोग झाला नव्हता. ती घामानं भिजली होती. तिच्या हातात करण्यासारखं एवढंच होतं.

"मारा, मावशी," मी म्हणालो. "पाण्यानं पक्कं होतं."

तिनं मान डोलावली आणि रिकामा हंडा घेऊन उतरून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन हंडे आणू लागली.

पाणी पंधराला आलं. त्याआधी मी तांड्यावर जाऊन सोमला नायकांना भेटलो होतो. ऐंशीच्या घरातला माणूस, तांडा त्यांच्या शब्दावर चालायचा. मी म्हणालो, सगळ्यांना घेऊन माळावर जाऊन राहा.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"फुटणार हाय का?"

"तेही सांगता येत नाही."

त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन ते माळावर गेले, शेळ्या-कोंबड्यांसकट. डिसेंबरची थंडी होती. उघड्या माळावर वारा लागायचा. पाणी लाल रेघेच्या खाली वाहत राहिलं. एक थेंब पाझरला नाही. चौथ्या दिवशी दोन म्हाताऱ्यांना आणि एका लेकराला ताप भरला. पाचव्या दिवशी सकाळी नायक माझ्याकडं आले आणि सांगून गेले, की आम्ही खाली चाललो. मी थांबवलं नाही. थांबवायला माझ्याकडं काय होतं? रेघ आणि माझा शब्द. आणि खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत मलाही वाटायला लागलं होतं, की निभावेल.

वीस तारखेला चांदीबाईची सून, शेवंता, बाळाला घेऊन परत आली. बसथांब्यापासून आई आणि ती भरावावरूनच चालत आल्या. चांदीबाईनं बाळ माझ्यापुढं धरलं. काळ्या धाग्यात मणी ओवून हाताला बांधला होता. मी बोट पुढं केलं, बाळानं ते धरलं नाही, झोपलं होतं. चांदीबाई हसली. माझ्या आठवणीत ती एवढी एकदाच हसली.

एकवीसला टोकाकडच्या गावांतले शेतकरी कार्यालयावर गेले. त्यांच्यापर्यंत पाणी पोचत नव्हतं. पातळी कमी ठेवली तर पोचणारही नव्हतं, त्यांचं चुकीचं नव्हतं. दुपारी पातळी वाढवायचा हुकूम आला. मी तारीख घालून पत्र लिहिलं, की लाल रेघेवर पाणी नेणं धोक्याचं आहे. कुलथे साहेबांनी ते घेतलं, पोच दिली आणि म्हणाले, "मी हे वर पाठवतो. पण पाणी त्याच्या आधी येईल."

संध्याकाळपर्यंत रेघ बुडाली.

दोन दिवस मी भरावावरच होतो. वाळूची पोती रचून ठेवली. तेवीसला अकराच्या सुमाराला बाहेरच्या उतारावर ताटाएवढी ओल दिसली. मी हात लावून पाहिलं. ओल गार होती आणि बोटांना पाण्याबरोबर माती लागली. नुसतं पाणी पाझरलं तर ते चालतं. पाण्याबरोबर माती यायला लागली की आतून वाट पडलेली असते. मी चाचांना म्हणालो, तांड्यावर जाऊन सगळ्यांना वर काढा, आत्ता. आणि मोटरसायकल काढली. सहा किलोमीटर वर कालव्याचं दार होतं, ते बंद करायला हुकूम लागतो, तो मागायला वेळ नव्हता.

भरावाच्या टोकाला चांदीबाई चढून येत होती. डोक्यावर हंडा होता. तिनं मला बघितलं आणि एक हात वर केला. मीही हात वर केला. मी थांबलो नाही. मला वाटलं चाचा सांगतील. चाचा दुसऱ्या बाजूनं तांड्याकडं पळाले होते.

दारावरच्या माणसाला मी बाजूला केलं आणि चाक स्वतः फिरवलं. बंद केल्यावर कळलं, की बंद करून काही होणार नाही. सहा किलोमीटर लांबीचं पाणी कालव्यात भरलेलं होतंच आणि ते खाली जातच राहणार होतं. मी परत फिरलो. वाटेत एक किलोमीटर अलीकडं असतानाच कालव्याचं पाणी उतरताना दिसलं. काठाच्या दगडांवर ओली पट्टी उघडी पडत चालली होती. सव्वा बारा झाले होते.

बारा मीटरपैकी नऊ मीटर भराव गेला होता. वरचे तीन थर आधी गेले आणि त्या खिंडारातून पडणाऱ्या पाण्यानं मग बाहेरून खालचा उतार खाल्ला. चौदा घरं पडली. चाचांनी थाळी वाजवत घरोघर फिरून सगळ्यांना माळाच्या बाजूला काढलं होतं, शेवंता आणि बाळही त्यांच्यात होते. चांदीबाईचं घर उंचावर, तांड्याच्या वरच्या टोकाला. ते जसंच्या तसं होतं. ती घरी असती तर तिला पाणी शिवलंही नसतं.

ती तुरीच्या रानात सापडली, अर्धा किलोमीटर खाली. तीन वाजले होते.

पुढं चौकशी बसली. मी लेखी दिलं, की काट्या मी काढल्या, मी जागा सोडून गेलो, थर मोडले गेले. चौकशीला आलेल्या साहेबांनी नोंदवही मागवली. त्यांनी विचारलं, मोडलेल्या थरांचा आकडा कुठं आहे. मी म्हणालो, नमुना निघाला नाही. त्यांनी माझ्याकडं जरा दयेनंच पाहिलं. अहवालात आलं, की बांधकामाचे सर्व नमुने समाधानकारक, भरावात खेकड्यांची बिळं असण्याची शक्यता. गुत्तेदाराला काही झालं नाही, कुलथे साहेबांना काही झालं नाही, मला काही झालं नाही. माझा तो कबुलीजबाब फाईलला लागला की नाही, हेही मला कधी कळलं नाही.

चांदीबाईचा मुलगा रामदास तेराव्या दिवसाच्या आदल्या दिवशी भेटला. ऊसतोडीवरून निरोप मिळून यायला त्याला चार दिवस लागले होते, आईचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. मी त्याला सांगायलाच गेलो होतो. घराच्या ओट्यावर सोमला नायक बसले होते, आत शेवंता बाळाला पाजत होती, दार अर्धं लोटलेलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. काट्या मी काढल्या म्हणून गाड्या आल्या, गाड्या आल्या म्हणून भराव फुटला. कार्यालयात कुणी मानलं नाही, पण खरं तेच आहे.

रामदास ओट्याच्या कडेला बसला. मग म्हणाला, "नसत्या काढल्या तर ही आन् लेकरू गेलं असतं."

"हो."

"मग त्याचं तुम्ही काय करणार, आन् मी काय करणार." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो ओट्यावरची माती नखानं उकरत होता. "मला एक कळंना साहेब. घर आमचं वर. सगळे माळाला गेले. याडी तिथं भरावावर काय करत होती?"

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

हे मात्र सांगायला मी आलो नव्हतो. चौकशीत मी सगळं लिहून दिलं होतं, हे लिहिलं नव्हतं. ते कुणी विचारलंही नव्हतं. मी नायकांकडं पाहिलं, ते तांड्याकडं बघत होते.

आतून शेवंताचा आवाज आला. "पाणी मारायला जायची. रोज. मी म्हणलं, आता कालव्यात एवढं पाणी हाय, कशाला. तर म्हणली, भायेरची बाजू वाळती, साहेबांनी सांगितलंय पाण्यानं पक्कं होतं." ती बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. त्या दिवशी ट्रॉलीत तिनं मला पाहिलं नव्हतं, ओळख अशी आमची आत्ताच होत होती.

"होत होतं का हो पक्कं?" तिनं विचारलं.

रामदासनंही मान वर केली.

मी म्हणालो, "होत होतं."

शेवंतानं मान हलवली. मग तिनं बाळाला रामदासकडं दिलं आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. मी तो चहा पिऊन आलो.